बटणांचा रस्ता

मालाची गाडी लांबच्या फेरीला निघायची म्हटलं की काकी बटणांचा डबा काढायची. पलंगावरची चादर ताणून घ्यायची, वर सुतळी अंथरायची, की झाला रस्ता. कोटाचं मोठं बटण म्हणजे राज्याची हद्द, पत्र्याचं म्हणजे वजनकाटा, लाल म्हणजे गाडी बाजूला लावून झोप काढायची जागा. काकीला नकाशा कळत नव्हता, अक्षरांशीही तिचं फारसं कधी जमलं नाही. म्हणून लग्न झाल्यावर नवऱ्यानेच तिच्यासाठी हा खेळ काढला. "मी कुठे असेन ते तुला घरबसल्या दिसलं पाहिजे," म्हणाला होता. पुढे तो खेळच धंद्याचा कायदा झाला. त्याने तोंडाने रस्ता सांगायचा, हिने बटणं मांडायची, आणि ती मांडणी पाहिल्याशिवाय कोणत्याही ड्रायव्हरने किल्ली फिरवायची नाही.

त्याला सगळे वस्ताद म्हणत. नजर अधू झाली तेव्हा वस्तादांनी स्टिअरिंग सोडलं, पण रस्ता सोडला नाही.

आज थोरला निघणार होता, दोन राज्यं ओलांडून. जाताना कंटेनर यंत्रांनी भरलेला, येताना रिकामा. सकाळी त्याने आईला ओट्यापाशी गाठलं.

"आई, या खेपेला बाबांना नको विचारूया. आम्ही दोघांनी रस्ता ठरवलाय."

"का? बापाच्या तोंडाला कुलूप लागलंय?"

"मागच्या फेरीला त्यांनी मला नसलेला नाका सांगितला. केव्हाच पाडलाय तो."

"पाडला तो सरकारने. तुझ्या बापाने नाही."

सून मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हणाली, "आई, परवाने आलेत दोन्ही राज्यांचे. मधल्या शहरात जड गाड्यांना दिवसा बंदी आहे, म्हणून बाहेरून वळसा घेतलाय."

"त्या मोबाईलला म्हणावं, एकदा स्वतः घाट उतरून दाखव. मग मला शिकव."

सून हसली. थोरला नाही हसला. "आई, गाडीत मी बसणार आहे गं."

काकीचा हात पिठात थांबला. माणसाला घरात विचारेनासे झाले की त्याचं अडगळीतलं सामान होतं, हे तिने दुसऱ्यांच्या घरात पाहिलं होतं. आपल्या घरात ते होऊ द्यायचं नव्हतं. पण पोराच्या जिवापुढे बोलणार काय?

"आज विचारायचं," ती म्हणाली. "चुकले तर डबा मी स्वतः उचलून ठेवीन. पुन्हा नाव काढायची नाही."

वस्ताद पलंगावर मांडी घालून बसले आणि रस्ता सांगू लागले तसे सुनेने मोबाईल खाली ठेवला. काट्यावर चढण्याआधी माल सरकलाय का बघ, एकाच एक्सलवर, चाकांच्या एकाच जोडीवर भार आला तर एकूण वजन बरोबर असूनही अडकवतील. घाट लागण्याआधी थांब, ब्रेक हाताने चाचपून बघ. चालवायचे तास भरले की लाल बटण, मग माल उशिरा का पोचेना. "झोप आली की तोंडावर पाणी मारून पुढे जाणारे शूर मी पुष्कळ पाहिले," ते म्हणाले. "त्यांच्या बायकांनाही पाहिलंय."

काकीने सुनेकडे असं पाहिलं, जणू सगळे रस्ते आपल्याच माहेराहून आले होते.

"मग रेल्वेचा पूल. खालून जा. भरलेली गाडी चार बोटं राखून निघते."

थोरल्याने मान हलवली. खरंच होतं ते.

"आणि येताना?" काकीने नेहमीचा प्रश्न विचारला.

"येताना त्याच वाटेने. त्याच पुलाखालून."

काकीने उचललेलं बटण हातातच राहिलं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी याच पलंगावर धपकन बसून त्यांनी तिला दाखवलं होतं, "मी बसलो की पलंग दबतो ना? उठलो की वर येतो. गाडीचंही तसंच. भरलेली दबते, रिकामी वर उठते. जाताना निघाली म्हणून येताना निघेल असं धरून चालतो, त्याचं छप्पर पुलालाच राहतं." त्यांच्या हाताखालचा प्रत्येक ड्रायव्हर हे या पलंगावर शिकला होता.

थट्टा करत असतील, असं तिला वाटून गेलं.

"अहो, येताना रिकामी असणार हं."

"मग काय झालं? गेली ती येईलच."

थोरला खाली बघत राहिला. तो आरडाओरडा करता तर बरं झालं असतं. बापाशी त्याचं कडाक्याचं भांडण तिने हौसेने ऐकलं असतं.

"अहो, आणि आपला पलंग?"

वस्तादांनी तिच्याकडे निर्मळ डोळ्यांनी पाहिलं. "पलंगाचं काय?"

"काही नाही. करकरतोय. सुताराला बोलवायला हवा."

अंगणात गाडीपाशी ती थोरल्याला एवढंच म्हणाली, "तुझ्या बायकोने काढलेल्या रस्त्याने जा. थांबे मात्र बापाचे घे." मग तिने घरातून दुसरी सुतळी शोधली. सुनेने एकेक जागा सांगितली आणि काकीने ती ओट्यामागच्या फळीवर शर्टाच्या बटणांनी मांडली. सुनेला टोमणा मारायचं तिला आठवलंही नाही.

डबा उचलायचा राहिला.

परतीच्या दिवशी दुपारी थोरल्याचा फोन आला. वस्तादांनी तो हिसकावून घेतला. "पूल आला का रे?"

सुनेने फळीकडे बोट दाखवलं. गाडी वळशावर होती, पुलापासून कितीतरी लांब.

"आलो, बाबा," थोरला म्हणाला. "काढतोय सावकाश." मग थोडा वेळ नुसतंच इंजिन ऐकू आलं. "निघाली, बाबा. चार बोटं राखून."

"बघितलंस?" वस्ताद काकीकडे वळले. तोंडभर हसू.

या माणसाशी खोटं बोलणाऱ्याला काकीने आजवर दारात उभं केलं नव्हतं.

"बघितलं," ती म्हणाली आणि चादरीवरचं बटण पुलाच्या अलीकडून पलीकडे सरकवलं.

ते खुशीत उठले. पलंग वर आला, बटणं गडगडू लागली, आणि काकीने घाईने दोन्ही तळवे टेकून चादर दाबून धरली.