पांढऱ्या उडाला नाही

मित्रांनो, मीटरच्या खाली लाकडी फळीवर बसवलेला चिनीमातीचा पांढरा फ्यूज तुम्ही पाहिला असेल. मी त्यातलाच एक, आता जुना होऊन अडगळीत पडलेला. एका मोठ्या लाँड्रीत मी सतरा वर्षं नोकरी केली. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे पडदे, सगळं तिथे धुवायला यायचं.

मला वायरमनमामांनी निवडलं. दुकानात माझ्याहून दांडगे फ्यूज मांडलेले होते. पण मामा दुकानदाराला म्हणाले, "मशीनचा रुबाब बघून फ्यूज घ्यायचा नसतो. भिंतीतली वायर किती सोसते ते बघून घ्यायचा." त्यांनी माझ्या पोटात एक बारीक तार ताणून बसवली आणि मला बजावलं, "वायर तापायच्या आधी तू जळायचं. तेवढंच तुझं काम." मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू!

धुलाईच्या मशीनवर एक मावशी होत्या. दिवसभर त्यांचे हात ओले. काही बिघडून वीज जास्त ओढली गेली की मी फट्कन उडायचो आणि सगळं थांबायचं. मालकांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. मावशी मात्र स्टुलावर टेकायच्या आणि म्हणायच्या, "पांढऱ्यानं बसवलं बाई मला घटकाभर!" पांढऱ्या हे त्यांनीच मला ठेवलेलं नाव. मग मामा येऊन नवी तार घालायचे आणि मी पुन्हा कामाला लागायचो.

पुढे कपडे वाळवायचं भलंमोठं मशीन आलं. ते इतकी वीज खायचं, की मी दिवसातून तीन-तीनदा उडू लागलो. मामांनी मालकांना स्पष्ट सांगितलं, "जाड वायर टाकावी लागेल. दोन दिवस लाँड्री बंद ठेवा."

"दोन दिवस? हॉटेलवाले दुसरीकडे जातील! तुम्ही एवढे मुरलेले कारागीर, करा ना काहीतरी."

मामांनी मान खाली घातली. वायरच्या एका तुकड्यातून तांब्याची जाड तार सोलून काढली आणि माझ्या पोटात पिळून बसवली. "तात्पुरतं आहे हं," ते मालकांना म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. केसाने गळा कापतात म्हणे. माझा तारेने कापला, आणि तोही ज्यांनी मला काम शिकवलं त्यांनी.

ते तात्पुरतं चौदा महिने चाललं. त्या काळात मी एकदाही उडालो नाही. मालक येता-जाता म्हणायचे, "आता कसा शहाण्यासारखा वागतोय!" इमानाने जळत होतो तेव्हा माझ्या वाट्याला असं कौतुक कधी आलं नव्हतं. भिंतीतली वायर तापते आहे हे मला कळत होतं, पण मला जळताच येत नव्हतं. मावशींनी दोनदा सांगितलं, "साहेब, जळका वास येतोय हो."

"फ्यूज उडाला का? नाही ना? मग काही नाही."

मावशींनाही ते पटलं. काही झालंच तर पांढऱ्या उडेल, असं म्हणून त्या कामाला लागल्या.

एका दुपारी वाळवायच्या मशीनमागची वायर पेटली. ज्वाळा फळीपर्यंत आल्या. मावशी धावल्या आणि त्या ज्वाळांत हात घालून त्यांनी मेन स्विच खाली ओढला. आग आटोक्यात आली, पण त्यांचा उजवा हात मनगटापर्यंत भाजला.

मामा आले. त्यांनी मला उपसून काढलं. ती जाड तार त्यांनी गुपचूप खिशात टाकली आणि मालकांना म्हणाले, "फ्यूजच खराब निघाला."

मग जाड वायर टाकली गेली. त्यासाठी लाँड्री दोन नव्हे, आठ दिवस बंद राहिली, आणि हॉटेलवाले कुठेही गेले नाहीत! मी खिडकीत धूळ खात पडलो. महिन्याभराने मावशी आल्या. त्यांच्या उजव्या हाताची बोटं मिटत नव्हती. त्यांच्या मशीनवर दुसरी बाई होती. डाव्या हाताने मला उचलून त्या म्हणाल्या, "पांढऱ्या, तुझ्या भरवशावर होते रे मी." मामा तिथेच नव्या बोर्डाचा स्क्रू आवळत होते. त्यांनी ऐकलं, आणि ते स्क्रू आवळतच राहिले.

मित्रांनो, फ्यूज उडाला की त्याच्यावर चिडू नका. तो का उडाला हे मोठ्यांना विचारा. कोणी 'तात्पुरतं' म्हणत त्याच्या पोटात जाड तार घालू लागलं, तर ओरडा, अगदी घर डोक्यावर घ्या. आणि माझं एक काम करा. मावशींना खरं काय ते अजून कोणीच सांगितलेलं नाही. त्या कुठे भेटल्या तर एवढंच सांगा, की पांढऱ्याला उडायचं होतं.