पहिल्या तोडणीचा डबा

मित्रांनो, माझी एक कड आत मुडपलेली आहे. त्या कडेने एका माणसाचा कान फाटला होता. मी एक जुना, पंधरा किलोचा तेलाचा डबा आहे. तुम्ही मला अळूचा डबा म्हणून ओळखता. त्याआधीचे आता सांगतो.

करी रोडच्या एका चाळीत गंगुबाई गिरणी कामगारांची खानावळ चालवत असे. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला. जेवायला येणारे अकरा जण एकेक करून कोकणात गेले. मी रिकामा झालो, तो परत तेलाने भरलोच नाही. गंगुबाईचा मुलगा कोंडीराम संपात होता. त्याने खिळा ठोकून माझ्या तळाला सात भोके पाडली आणि माती भरली. शेजारच्या बकुळाने आपल्याकडचा अळूचा कांदा दिला. बघता बघता गॅलरीत असे चौदा डबे झाले. माठ, मुळा, मिरची. ज्याच्याकडे जे पिके ते चाळीत फिरे. नियम एकच, गावाकडून आलेला: पहिली तोडणी शेजारच्या दारात. ती पोचेपर्यंत त्या झाडाचे पान आपल्या चुलीवर चढत नसे.

श्रावणात माझी पाने सुपाएवढी झाली. त्याच आठवड्यात बकुळाचा नवरा धोंडू संप मोडून कामावर गेला. त्याची मुलगी तापाने पडली होती आणि घरात औषध नव्हते. चाळीने त्या घराशी बोलणे टाकले.

गंगुबाईने मात्र नऊ पाने कापली, सुतळीने बांधली आणि बकुळाचे दार वाजवले. तेवढ्यात कोंडीराम जिना चढून आला. मागे दोघे होते. एकाच्या हातात बांबू होता.

“आये, फुटीराच्या घरात भाजी?”

“शेजारच्या घरात. अळवाला तुमचा संप कळत नाय.”

“मग मी कळवतो. धोंड्या, भायेर ये!”

धोंडू दारात आला. “कोंड्या, पोर तापलीय रे. हळू बोल.”

कोंडीरामने मला मातीसकट उचलले. पहिला घाव धोंडूच्या खांद्यावर बसला. हाड मोडल्याचे मी ऐकले. दुसरा कानावर. तो खाली पडल्यावर बांबू त्याच्या उजव्या हातावर चालला, तुटला धागा जोडणाऱ्या बोटांवर. तीन मोडली. गॅलरीत माणसे उभी होती. कोणी हलले नाही. तिसऱ्या घावाला गंगुबाई आडवी आली. मी तिच्या कोपरावर आदळलो. तेव्हा कुठे मारहाण थांबली. बकुळाने पदराने नवऱ्याचा कान दाबून धरला. नऊ पाने पायांखाली चिरडली होती.

कोंडीराम तुरुंगात गेला. बकुळाच्या घराने खोली सोडली. गंगुबाईने एका हाताने माझ्यात पुन्हा माती भरली. तोच कांदा परत फुटला, पण पहिली तोडणी पोचली नव्हती. तिने सत्तावीस वर्षे अळू खाल्ले नाही. गिरणी पडली, चाळ पडली, तिथे टॉवर आला. सामान हलवताना, तुरुंगातून कधीच सुटून आलेला कोंडीराम म्हणाला, “हा गंजका डबा कशाला?”

“आपटलास तू. आता उचल पण तूच.”

पुढे दादरच्या एका शाळेच्या पटांगणात रविवारी रोपांची देवघेव सुरू झाली. घरी पिकवणारी माणसे रोपे, बिया, भाज्या मांडत. गंगुबाई मला तिथे नेई. एका रविवारी एक म्हातारी थांबली आणि माझ्या मुडपलेल्या कडेवरून तिने अंगठा फिरवला. ती बकुळा होती.

“मावशी, कोपर दुखतं?”

“थंडीत.”

“ह्यांची बोटं पण. कोंड्याला माफ नाय केला मी.”

“माफी कोण मागतंय? पानं घे. तुझी ऱ्हायलीयत.”

बकुळाने पिशवी उघडली. नऊ पाने मोजून घेतली.

त्या दिवशी गंगुबाईच्या घरी अळूचे फदफदे शिजले. वाढलेल्या ताटापुढे कोंडीराम बराच वेळ हात न लावता बसून होता.

मित्रांनो, मला उचलताना खालून, दोन्ही हातांनी धरा. कड अजून कापते. पहिली तोडणी शेजारी द्या. दार कोणाचे आहे हे विचारू नका. आणि राग आलाच, तर हातातली वस्तू आधी खाली ठेवा. अळू वाढवणारा डबा मीच होतो, आणि कान फाडणाराही मीच.