पिवळ्या बदकाची पाळी

धुकं.

पोटाला भोक असलेलं बदक.

एक मूठ. ती उघडत नाही.

रंगाचा डबा, तळ दिसणारा.

शिवणयंत्राच्या तेलाचा वास.

मित्रांनो, कपाटात पडल्या पडल्या मला हे असं तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. मी एक जुना लाकडी खेळ आहे. उघडलो की उशीएवढा होतो, मिटलो की वहीएवढा. माझ्या अंगावर तळं रंगवलेलं आहे. अलीकडच्या काठावर पाच बदकं, पलीकडच्या काठावर त्यांचं घर. फासा टाकायचा, जो रंग येईल ते बदक एक घर पुढे न्यायचं. पांढरं आलं की तळ्यावर धुक्याची एक चकती ठेवायची. नऊ चकत्या पडायच्या आत सगळी बदकं घरी. एकही मागे राहिलं तर सगळे हरले. माझ्यात एकटं कुणी जिंकत नाही.

मला बनवणारा सुतार जन्मभर कपाटाच्या खणांच्या मुठी कोरत आला होता. म्हणून माझी बदकंही तशीच झाली, गोल, गुटगुटीत, आणि प्रत्येकाच्या पोटाला स्क्रूचं भोक.

“अहो, बदकाला भोक कशाला?” बायकोने विचारलं.

“हात थांबलाच नाही,” तो म्हणाला.

पिवळं बदक रंगवतानाच पिवळा रंग संपला. फाशाची पिवळी बाजू पांढरी राहिली. म्हणजे धुकं दुप्पट, आणि पिवळं बदक जन्माचं काठावर.

मी बालवर्गात पोचलो तेव्हा तिथल्या बाईंनी फासा उलटासुलटा करून पाहिला. मग म्हणाल्या, “राहू दे. हे बदक कुणाचंच नाही. ज्याला वाटेल त्याने फासा न टाकता आपली पाळी ह्याला द्यायची.”

त्या खोलीत मी खूप वर्षं काम केलं. इवल्या बोटांनी माझी बदकं चिमटीत धरायला शिकून घेतलं. घरं मोजली, रंग ओळखले, पाळीची वाट पाहिली. दुपारच्या उन्हात खडूची धूळ तरंगायची आणि मला वाटायचं, माझं तळं खरंच हलतंय.

मग ती आली. मुलं तिला ‘माझंच’ म्हणायची, कारण ती दुसरं काही म्हणत नसे. दोघांना चावून झालं होतं. आई शिवणाच्या कारखान्यात होती. मुलीच्या फ्रॉकलाही यंत्राच्या तेलाचा वास येई.

“ताई, सुट्टी लागेपर्यंत बघू,” बाई तिच्या आईला म्हणाल्या. “बाकीचे पालक ऐकेनात.”

“हिला कुठे ठेवू मग? घरी कुणी नाही. काम सोडावं लागेल हो मला.”

माझ्यापाशी बसली त्या पहिल्या दिवशी तिने निळं बदक मुठीत दाबलं ते दाबलंच. बाकीचे खेळत राहिले. नववी चकती पडली.

“हरलो,” चष्मेवाला म्हणाला. वर्गात त्याला सगळे आजोबा म्हणत.

“मी नाही. माझं माझ्याकडे आहे.”

“पण घरी कुठे गेलं? तू पण हरलीस.”

तिने मूठ उघडली. बदकाकडे पाहिलं. पोटाच्या भोकात बोट घालून पाहिलं. असं हरणं तिला नवीन होतं.

दुसऱ्या दिवशी तिने बदक काठावर ठेवलं. आठवडाभरात ती थांबायला लागली, आधी ओठ चावत, मग ओठ न चावता. पण फासा! फासा टाकणं म्हणजे तिचा जीव की प्राण. आपली पाळी तिने पिवळ्याला कधीच दिली नाही. पिवळं मागे राही, धुकं पडे.

सुट्टीच्या आदल्या दिवशी पालक न्यायला आले. माझ्यावर आठ चकत्या होत्या. चार बदकं घरी. पिवळं एक घर अलीकडे. फासा तिच्या हातात.

“पुढे कोण आहे रे?” कुणाच्या तरी बाबांनी विचारलं.

“कुणी नाही, काका. सगळे बरोबर आहोत.”

“असं कसं? पहिला कोण येणार?”

“कुणीच नाही,” आजोबा वैतागून म्हणाला. “तुम्ही बसा ना जरा.”

दारात तिची आई उभी होती. मुलीने फासा हलवला, कानाशी नेला, पुन्हा हलवला. मित्रांनो, मी लाकूड आहे, मला श्वास नाही. तरी तो मी रोखला होता.

तिने फासा खाली ठेवला. हळूच, कुणी झोपलेलं असावं तसा. आणि पिवळ्याला एक घर पुढे सरकवलं.

केवढा गलका झाला! बाई तिच्या आईला एवढंच म्हणाल्या, “सुट्टीनंतर वेळेवर पाठवा. आणि डबा जरा मोठा द्या, भूक लागते तिला.”

पुढे वर्गात चकचकीत खेळ आले, आपोआप बोलणारे. मी वरच्या फळीवर गेलो. हिरवं बदक हरवलं. आता धुकं म्हणजे धूळ, आणि ती रोज पडते. माझी तक्रार नाही. एवढंच सांगतो, घरात असा एखादा खेळ मिटून पडला असेल तर तो उघडा, लहानग्यांना घेऊन बसा, त्यांना हवा तेवढा वेळ फासा हातात राहू द्या. आणि खेळ संपल्यावर कोण जिंकलं, हे विचारू नका.

बालवर्गात आली तेव्हा ती मुलगी चार वर्षांची होती आणि तिला सातपर्यंतच मोजता येत होतं; सुट्टी लागली तेव्हा नऊपर्यंत.