गाडी ओढेना

बायको गेल्यानंतर दोन महिन्यांनी मी गाडी बाहेर काढली आणि पहिल्याच चढावर ती रडायला लागली. जो चढ ती तिसऱ्या गिअरमध्ये सहज चढायची, तिथे दुसरा टाकावा लागला. पेट्रोलही जास्त पिऊ लागली. एकदा टाकी भरली की दहा दिवस बघावं लागत नसे. आता सहाव्या दिवशी काटा तळाला.

मुलगा दुसऱ्या गावी असतो. फोनवर म्हणाला, "बाबा, म्हातारी झाली ती गाडी. विकून टाकू. रविवारी माझ्या ओळखीचा एकजण बघायला येतोय."

"बघू," मी म्हणालो. बायकोचे कपडे सुनेने आवरून नेले, पलंग हलवला, औषधांचा डबा रिकामा केला. तेव्हा मी काही बोललो नाही. पण गाडीतली डावीकडची सीट तिच्या मापाने पुढे ओढलेली होती, ती अजून तशीच होती. गाडी मला द्यायची नव्हती. द्यायची नाही तर ती रविवारच्या आत नीट चालायला हवी होती.

बुधवारी मिस्त्रीकडे गेलो. पंधरा वर्षं गाडी त्याच्याच हातात आहे. "पिकअप नाही म्हणजे श्वास कोंडलाय," म्हणत त्याने एअर फिल्टर बदलला. प्लग पुसले, टायरची हवा बघितली. डिकीसुद्धा उघडली. "पोती वाहता की काय, काका?" आत तिची छत्री होती, एवढंच. मग एकटाच चक्कर मारून आला.

"लोण्यासारखी चालते. गाडीत काही दोष नाही."

"मग माझ्यात आहे का?"

"तसं कुठे म्हणालो मी?"

घरी येताना पुन्हा तेच. शुक्रवारी परत गेलो, तर त्याने कपाळाला हात लावला. "माझ्याकडे माहेरी आल्यासारखी वागते आणि तुमच्याकडे गेली की रुसते!" मग वाकून त्याने मागच्या चाकाला हात लावला आणि चटकन मागे घेतला. "हे तर चटके देतंय. मागचे ब्रेक घासतायत. चला, तुम्ही चालवा, मी बसतो."

तो डावीकडे बसला. गुडघे पुढे आपटले. सीट मागे घ्यायला त्याने हात खाली घातला.

"राहू दे," मी म्हणालो.

तो तसाच पाय मुडपून बसला. मी इंजिन चालू केलं, हँडब्रेक खाली केला, गिअर टाकला.

"थांबा, थांबा. हँडब्रेक सोडा की."

"सोडला ना."

"अर्धाच सोडलाय. अजून दोन खाचा वर आहे. याचा लाल दिवा लागत नाही का?"

दिवा चार वर्षांपूर्वीच गेला होता. बदलू म्हणालो, तर ती म्हणाली होती, "कशाला? मी बसलेली असते ना."

मग मला सगळं सांगावं लागलं. शिडीवरून पडून माझा डावा खांदा मोडला, तेव्हापासून त्या हातात जोर नाही. हँडब्रेक तिच्याकडे असायचा. मी चावी फिरवायची, तिने ब्रेक सोडायचा आणि म्हणायचं, "सुटलात. निघा आता." थांबलो की तीच ओढायची. बाजार असो की दवाखाना, तिच्याशिवाय मी गाडी काढलीच नव्हती.

मिस्त्री म्हणाला, "काकू कधी बोलल्या नाहीत."

"तिला ते काम वाटतच नसेल."

आधी जरा वर ओढायचा, बटण दाबायचं, मग पार तळाला न्यायचा. पासष्टाव्या वर्षी शिकलो, दोन्ही हात लावून.

तो चढ गाडी तिसऱ्यात चढली. घरी लवकर पोहोचलो. लवकर पोहोचून काय करायचं ते काही ठरलेलं नव्हतं. दारात इंजिन बंद केलं आणि तिने ब्रेक ओढावा म्हणून बसून राहिलो. गाडी हळूहळू मागे सरकू लागली, तेव्हा मीच ओढला.

संध्याकाळी मुलाला फोन केला. "रविवारी कोणाला आणू नकोस. गाडी बरी झाली."

"काय झालं होतं?"

"तुझी आई एक काम करायची, ते राहून गेलं होतं."

तो म्हणाला, "कोणतं?"

"ये, दाखवतो. डावीकडे बस. पाय मुडपावे लागतील."