बॉनेटवरचा दोरा

माझ्या शिलाई मशीनच्या ड्रॉवरमधून काळ्या दोऱ्याचं रीळ गायब झालं, तेव्हाच मला कळायला हवं होतं की आमच्या ह्यांच्या डोक्यात काहीतरी शिजतंय. ह्यांना साधा सुईत दोरा ओवता येत नाही. रीळ कुठं गेलं ते दोन दिवसांनी दिसलं. संध्याकाळी गाडी दारात लागली की मल्लिनाथ, म्हणजे माझे यजमान, काठी टेकत बाहेर जायचे, इकडंतिकडं बघायचे आणि बॉनेटच्या फटीवर दोऱ्याचा एक तुकडा चिकटपट्टीनं आडवा लावायचे. कुणी बॉनेट उघडलं की दोरा तुटणार. कुणी म्हणजे महेश्वर. ह्यांचा सख्खा धाकटा भाऊ, आमच्याच घरात राहणारा.

"अवो, भाऊ हाय तुमचा," मी म्हटलं.

"म्हणून तर दोरा लावला. दुसरा कोण असता तर कुलूप घातलं असतं."

गाडी म्हणजे ह्यांचा जीव, आणि ते उगाच नाही. पूर्वी मल्लिनाथ दहाचाकी ट्रक घेऊन पार पंजाबपर्यंत जायचे. अपघातात डावा गुडघा गेला, वाकेनासा झाला. क्लच दाबणं संपलं आणि हे जे खाटेवर बसले ते दोन वर्षं बसूनच राहिले. त्या दोन वर्षांत त्यांनी घरातल्या प्रत्येकाशी भांडण काढलं, टीव्हीतल्या बातम्या देणाऱ्याशीसुद्धा. मग ही जुनी जपानी डिझेल पिकअप मिळाली. रस्त्याच्या कामावर आलेल्या कुठल्याशा परदेशी कंपनीनं लिलावात काढलेली. हिला क्लचच नाही. गियर आपोआप बदलणार, डाव्या पायाला कामच नाही. ह्या गाडीनं माझा नवरा मला परत दिला, असं मी कुणापुढंही सांगेन.

पहाटे बेकरीतून पाव, खारी, टोस्ट भरायचे आणि अक्कलकोट करत दुधनीपर्यंत चहाच्या टपऱ्यांना पोचवायचे, ही ह्यांची फेरी. दुपारी तीच गाडी महेश्वर न्यायचा, फरशा नाहीतर सिमेंट भरून. असं छान चाललं होतं.

दिवाळी सरली, थंडी पडली आणि चौथा गियर पडेनासा झाला. त्याला ओव्हरड्राइव्ह म्हणतात. तो पडला की गाडी वेगात पळते आणि इंजिन निवांत असतं. नाही पडला की इंजिन नुसतं बोंबलत राहतं आणि डिझेल पितं. गियरबॉक्स बसेल या भीतीनं हे गाडी हळू चालवू लागले. पाव उशिरा पोचू लागला, टपरीवाले कुरकुरू लागले आणि बेकरीचा मालक म्हणाला, संक्रांतीनंतर दुसरी गाडी बघतो. फेरी गेली तर खाट तिथंच होती. मी तिच्याकडं बघायचं टाळत होते, इतकी मला तिची धास्ती होती.

आणि खरी मेख पुढंच आहे. ह्यांच्या हातात सकाळी न पडणारा गियर दुपारी महेश्वरच्या हातात मुकाट पडायचा.

"माझ्याकडं तर पडतोय की, अण्णा," तो म्हणायचा.

पहिल्यांदा म्हणाला तेव्हा मल्लिनाथ हसले. दुसऱ्यांदा हसले नाहीत. पुढं त्यांनी भावाच्या हातांकडं बघायला सुरुवात केली.

आमच्या सोलापुरात सात रस्त्याच्या मागं बिरदेव मेस्त्रीचं गॅरेज आहे. बिरदेवनं गियरबॉक्सचं तेल बघितलं, फ्यूज बघितले, गियरच्या दांड्यावरचं ओव्हरड्राइव्हचं बटण खोलून बघितलं, खाली झोपून वायरा चाचपल्या. पण सकाळच्या फेऱ्या आटोपून गाडी त्याच्याकडं जायची ती दुपारी, महेश्वरबरोबर, माल उतरवून. आणि दुपारी गाडी शहाण्या बाळासारखी वागायची. "गाडीत कायबी न्हाय," असा निरोप यायचा.

"गाडीत न्हाय तर कुणात हाय?" हे मला विचारायचे. तो प्रश्न माझ्याही डोक्यात जाऊन बसला होता. संशयाचं असंच असतं, घरात एकाला झाला की सगळ्यांना होतो. महेश्वर भाऊजी हल्ली माझ्याकडं न बघता बोलतात का? गाडीपाशी उगाच घुटमळतात का? मी भाकरी थापता थापता खिडकीतून नजर ठेवू लागले.

अशात एकदा जेवताना भाऊजी म्हणाले, "अण्णा, थंडीपुरती सकाळची फेरी मी मारतो. तू दुपारी चालव."

मल्लिनाथांनी घास खाली ठेवला. रागावले की हे कानडीत शिरतात. "सुम्म कूड!" म्हणाले. गप बस. मग माझ्याकडं वळून मराठीत, "बघितलंस? हेच पायजे हुतं. आधी फेरी, मग गाडी, मग मला खाटंवर टाकायचं."

भाऊजी ताट उचलून मोरीकडं गेले. मला वाटलं, खोटं असेल तर माणूस बोलत का नाही?

दुसऱ्या दिवशी दोरा तुटलेला निघाला.

मल्लिनाथांनी गल्लीत उभं राहून, शेजारच्या बनाबाई नळावर असताना, भावापुढं हात पसरला. "चावी दे. आजपास्नं माझ्या गाडीला हात लावायचा न्हाय."

"पानी बघितलं फक्त, अण्णा."

"चावी."

भाऊजींनी चावी पायरीवर ठेवली, हातात दिली नाही. आणि तसेच चहा न घेता निघून गेले. त्या दिवसापासून ते दुसऱ्याच्या टेम्पोवर जाऊ लागले आणि दोघा भावांची जेवायची वेळ वेगळी झाली. मी दोनदा ताटं वाढायची, दोनदा तोंड बंद ठेवायचं. वैताग आला होता मला.

बरं, चावी काढून घेतली म्हणून गियर पडला का? छे! सकाळी गाडी तशीच बोंबलायची. "जाता जाता काहीतरी करून गेलाय," हे म्हणाले. शेवटी मीच म्हटलं, उद्या मी येते बरोबर, बघू तरी काय होतं ते.

गारठा असा की हाडं वाजत होती. मागं पाव, म्हणजे वजन असून नसल्यासारखं. कुंभारी गेलं, वळसंग आलं, इंजिन आपलं ओरडतंय. ह्यांचा जबडा घट्ट. मी शालीत कुडकुडत म्हटलं, "अवो, ह्या गाडीला गरम हवेचं बटण हाय न्हवं? लावा की."

त्यांनी लावलं. जाळीतून वारा आला तो बर्फासारखा.

"हेबी बिघडलंय," मी म्हटलं. "एवढं आंतर आलो, अजून इंजिन तापलं न्हाय व्हय?"

हे काहीतरी खेकसणार होते, पण थांबले. समोरच्या घड्याळांत एक इंजिनच्या उष्णतेचं असतं. त्याचा काटा तळाशी लोळत होता. मल्लिनाथ त्या काट्याकडं बघत राहिले. मग गाडी बाजूला घेतली, पावाच्या ट्रेखालचं गोणपाट ओढलं आणि पुढच्या जाळीवर सुतळीनं बांधून टाकलं.

"पंजाबकडं थंडीत असंच बांधायचो आमी, गार वारं अडवायला," एवढंच म्हणाले.

निघालो. काटा उठला, हळूहळू चढत मधल्या रेघेपर्यंत आला. आणि अक्कलकोटच्या अलीकडं गाडीनं एक हलका हिसका दिला नि इंजिनचा आवाज एकदम उतरला. चौथा गियर पडला होता. इतक्या शांततेत मला मागच्या ट्रेंची खडखड ऐकू आली. मी देवाला हात जोडले. ह्यांच्याकडं बघितलं, तर चेहरा आधीपेक्षा काळा.

"इंजिन तापल्याबिगर गियर पडत न्हाय ह्या गाडीत. दुपारी ऊन आन फरशांचं वजन, म्हणून तवा तापतं," ते म्हणाले. "आन इंजिन तापत न्हाय म्हंजे पाण्याचा व्हॉल्व न्हाय आत. इंजिन गरम हुईपर्यंत पानी अडवून धरतो त्यो. म्या काढला न्हाय. मग कुणी काढला?"

परतताना गाडी थेट बिरदेवच्या दारात. त्यानं नळी सोडून बोट घातलं. आत पोकळी.

"अवो, म्याच काढला की मे महिन्यात," बिरदेव अगदी सहज म्हणाला. "महेश्वर आला हुता घिऊन. गाडी गरम व्हायला नको म्हणाला. सोलापूरच्या उन्हात व्हॉल्व कोण ठेवतंय, ताई? येईल त्या गाडीचा काढतोय आमी. त्याचा गियरशी काय संबंध?"

बाकीच्या गाड्यांत नसेलही. ही गाडी वेगळी होती, आणि तिचं हे वेगळेपण इथं कुणालाच ठाऊक नव्हतं. पण मल्लिनाथांनी एवढंच ऐकलं, की महेश्वरनं हात घातला होता. संशय खरा निघाला की माणसाला आनंद होतो, असा आनंद मी त्या दिवशी ह्यांच्या डोळ्यांत बघितला आणि मला भीती वाटली.

संध्याकाळी भाऊजी आले. मल्लिनाथ खाटेवर बसलेले, काठी मांडीवर आडवी.

"मे महिन्यात व्हॉल्व तू काढलास?"

"व्हय."

"मला न सांगता?"

भाऊजी आत गेले. देवळीतला पत्र्याचा डबा घेऊन आले आणि त्यातून फडक्यात गुंडाळलेला पितळी व्हॉल्व काढून खाटेवर ठेवला. पुसून, तेल लावून ठेवलेला.

"गाडी उकळली हुती तुझी त्या दिशी वळसंगापुढं. पंख्याचा पट्टा तुटला हुता, टपरीवाल्यानं सांगितलं मला. तू पाण्यासाठी चालत गेलास, असल्या पायानं, भर उन्हात. आन घरी येऊन सांगितलंस, रस्त्यात गर्दी हुती म्हणून उशीर झाला."

मी ह्यांच्याकडं बघितलं. मला ह्यातलं काही माहीत नव्हतं.

"मागच्या नळावर पाय धूत हुतास," भाऊजी म्हणाले. "चप्पल रक्तानं चिकटली हुती. तुला वाटलं कुणी बघत न्हाय. म्या बघितलं. गाडी परत तापली तर तू परत चालणार. म्हणून काढला. पानी बी रोज त्याच्यासाठीच बघतो."

"मग मला सांगायचं न्हाय?"

"सांगितलं असतं तर हात लावू दिला असतास?"

मल्लिनाथांनी व्हॉल्व हातात घेऊन फिरवून बघितला. "चांगला असंल तर उकळत्या पाण्यात उघडतो ह्यो," म्हणाले. 

मी उठले, दुधाचं पातेलं रिकामं केलं, पाणी भरून गॅसवर ठेवलं. ह्यांनी व्हॉल्व माझ्या हातात दिला. तो पाण्यात टाकला. दोघं भाऊ पातेल्यावर वाकले, एकमेकांकडं न बघता. पाणी तापलं, आणि व्हॉल्वचं तोंड हळूच उघडलं.

"चांगला हाय," हे म्हणाले.

"व्हय," भाऊजी म्हणाले.

त्या रात्री दोघांना मी एकदाच वाढलं. दुसऱ्या दिवशी बिरदेवनं व्हॉल्व बसवला. संध्याकाळी ड्रॉवर उघडला तर काळ्या दोऱ्याचं रीळ जागेवर होतं, दोरा सगळा विस्कटलेला. बाहेर पायरीवर मल्लिनाथ चावी भावाच्या हातात देत होते.

"उद्या सकाळी तू बी चल," ते म्हणाले. "जाळीला गोणपाट बांधायला माणूस लागतो."

व्हॉल्व बसवल्यावर गोणपाट कशाला लागतं, हे मी विचारलं नाही. भाऊजींनीही विचारलं नाही.