पुराची गोळी

पट्टीला चौदा खण होते आणि चौदाही रिकामे होते. रोज दोन या हिशेबाने आज, चौथ्या दिवशी सकाळी, सात कॅप्सूल उरायला हव्या होत्या.

“हरवल्या?” नेरिसाने विचारलं. दवाखान्यात लैंगिक आजारांचं समुपदेशन तीच करायची.

“नाही, नांग.” फेरीबोटीवरचा खलाशी एडसेल तिला ‘ताई’ या अर्थाने नांग म्हणायचा; तो टोपी मांडीवर फिरवत होता. “जोवेलिनला दिल्या.”

जोवेलिन त्याची बायको. क्लॅमिडिया हा आजार त्याला फेरीच्या पलीकडच्या बंदरातल्या, बाकोलोदच्या मैत्रिणीकडून लागला होता. बायकोलाही तपासायला आण, असं नेरिसाने बजावलं, तेव्हा त्याने मान डोलावली होती आणि घरी जाऊन वेगळीच युक्ती काढली होती. गेल्या आठवड्यात गल्लीत मांडीभर पाणी होतं. उंदरांमुळे होणाऱ्या पुराच्या तापावर आरोग्य केंद्र हीच कॅप्सूल वाटतं, हे इलोइलो शहरात पोरासोरांनाही ठाऊक. पुराची गोळी आहे, घे, असं त्याने तिला सांगितलं.

“अर्ध्या दोराने बोट बांधतोस का, तोतो?” धाकट्या भावाला म्हणावं तसं ती म्हणाली. “आता दोघांचाही आजार तसाच.”

“आणखी एक पट्टी द्या ना. तिला गोळीने ओकाऱ्या होतात, पण घेते बिचारी.”

“ओकाऱ्या कधीपासून?”

त्याने बोटांवर मोजलं. “गोळीच्या आधीपासून. दोन आठवडे झाले असतील.”

नेरिसाने पेन खाली ठेवलं. “गरोदर बाईला ही गोळी देत नाहीत, तिचं औषध वेगळं. आणि आजार राहिला, तर जन्मताना बाळाच्या डोळ्यांत उतरू शकतो. तुझं नाव न घेता मी तिला फोन करेन, पण या गोळ्यांचं काय सांगू? त्या तूच दिल्यास, ते तूच सांगायला हवं.”

घरी कसं सांगायचं याचा सराव करून घ्यायला नेरिसाने खुर्ची त्याच्यासमोर ओढली.

“समज, मी जोवेलिन. बोल.”

“जोवे, ती गोळी पुराची नव्हती.”

“मग कसली?”

“माझ्या आजाराची. तुलाही झाला असेल.”

“कुणाकडून आणलास?”

“नांग, ती इतकं गोड नाही विचारणार.”

“आपली इलोंगोच बोलते ना ती? आपल्या बोलीत भांडणसुद्धा अंगाईसारखं ऐकू येतं. पुन्हा बोल.”

नेरिसाने त्याच्याकडून चार वेळा म्हणवून घेतलं. चौथ्यांदा त्याने आपणहून ‘माझ्यामुळे’ हा शब्द घातला.

दुसऱ्या दिवशी दोघं आली. मध्ये एक खुर्ची रिकामी ठेवून बसली. जोवेलिनचे डोळे सुजले होते. तपासणीत दिवस गेल्याचं नक्की झालं.

“त्या सात गोळ्यांनी बाळाला काही होईल?”

“इतक्या लवकर, इतक्या थोड्या. धोका फारसा नाही. पण आता बंद.”

जोवेलिनने आपल्या वेगळ्या औषधाचा एकच डोस तिथेच पाण्याबरोबर गिळला. एडसेलची नवी पट्टी मात्र तिने स्वतःच्या पिशवीत टाकली.

“याला मी देईन. मोजून. आणि झोपेल जमिनीवर.”

“किती दिवस?” एडसेलने विचारलं.

“ते नांगना विचारू नकोस.”

पाच आठवड्यांनी पुन्हा तपासणी झाली. एडसेल: निगेटिव्ह. जोवेलिन: निगेटिव्ह. गर्भ तेरा आठवडे दोन दिवसांचा, ठोके मिनिटाला एकशे चोपन्न.