यादीतली नववी ओळ

सकाळपासून नर्सबाईंचे नुसते लाड चालले होते, आणि कशासाठी ते त्यांना कळत नव्हतं.

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. पाठीला कुणाची तरी उशी आली. संसदेच्या दगडी दालनात वाटाड्या बोलत होता, तेवढ्यात तिघांनी वेगवेगळं येऊन विचारलं, "बसता का जरा?" एरवी हीच मंडळी खिडकीसाठी सहलीला निघालेल्या पोरांसारखी भांडायची.

चौदा मिशनरी जोडपी होती, सगळी साठी ओलांडलेली. नोकऱ्या संपल्या, मुलं मार्गी लागली, तशी घराला कुलूप लावून या परक्या देशातल्या लांबलांबच्या गावांत सेवेला आलेली. वर्षातून एकदा ती राजधानीत जमायची. दोन दिवस सहवास, प्रार्थना, गाणी, आणि मधला एक दिवस शहर बघायला. एकमेकांना ती जुन्या धंद्यांवरूनच हाका मारत. चौतीस वर्षं इस्पितळात काढली म्हणून या नर्सबाई. भूगोल शिकवला म्हणून त्यांचे यजमान मास्तर. आणि सगळ्यांना वेळेवर हाकणारे, गळ्यात शिट्टी अडकवलेले म्होरके, ते शिट्टीदादा.

"अहो, मी काय आज नवरी आहे का?" नर्सबाई मास्तरांच्या कानाशी म्हणाल्या. "अजून कुणी ओटी भरली नाही एवढंच."

मास्तर हसले. पण हसू जरा उशिरा आलं, घंटा झाल्यावर दारात उभ्या राहणाऱ्या पोरासारखं.

दुपारी जेवायला सगळे घड्याळाच्या मनोऱ्याखालच्या चौकात उतरले. पाव, उकडलेली अंडी, थर्मासातला चहा. नर्सबाईंनी कारंज्याजवळचा बाक धरला. तिथं बेकरीवाल्या ताई येऊन टेकल्या. या ताई आणि त्यांचे यजमान आदल्या दिवशीच पोहोचणार होते, पण गाडी चुकली आणि ती दोघं थेट संसदेच्या दारात येऊन मिळाली. ताईंनी नर्सबाईंचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. पीठ मळून मळून रुंद झालेले, ऊबदार हात.

"नर्सबाई, रोज पहाटे तुमचं नाव घेते हो मी. सवय जात नाही ना, चारला उठून पीठ मळायला घेते. पहिला गोळा वळला की तुमचं नाव."

"माझं?" नर्सबाईंना गंमत वाटली. त्या अंडं सोलत होत्या. "माझ्यावर एवढी मेहेरबानी का बरं?"

"असं काय म्हणता! अहो, एवढी मोठी गाठ..."

"कसली गाठ?"

ताईंचे हात सैल पडले. तोंड उघडं राहिलं, मिटलं, पुन्हा उघडलं. नर्सबाईंनी तो चेहरा ओळखला. इस्पितळाच्या कॉरिडॉरमध्ये, बंद दाराबाहेर, असे चेहरे त्यांनी शेकड्यांनी पाहिले होते. फक्त त्या चेहऱ्यांची नजर कधी त्यांच्यावर रोखलेली नसायची. ती दारामागच्या माणसासाठी असायची.

"ताई," त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमची यादी द्या बघू."

"मला वाटलं तुम्हाला... देवा, मला कुणी सांगितलंच नाही बोलायचं नाही म्हणून..."

"द्या."

दर महिन्याच्या मध्याला मिशनमध्ये एक कागद निघे, प्रार्थनेची यादी. दहा-बारा ओळी, त्या खेपेला ज्या जोडप्यांचं काही मागणं असेल त्यांच्या. कुणाचा गुडघा, कुणाची नात, कुणाच्या गावची विहीर. ज्याला जे मागायचं ते त्यानं कळवायचं, आणि मग चौदाही घरांत रोज सकाळी ते मागितलं जायचं. नर्सबाईंच्या घरी त्या भाजी चिरायच्या आणि मास्तर वर्गात हजेरी घ्यावी तसे खणखणीत वाचायचे. या खेपेला त्यांनी आठवी ओळ वाचली आणि पुढं दहावी.

"आणि नववी?" नर्सबाईंनी विचारलं होतं.

"छपाईत राहिलीय."

"अरेरे. कोण बिचारे असतील ते! असू द्या, त्यांच्यासाठी मीच मागते." आणि तीन आठवडे, गाजर चिरता चिरता, ज्यांचं नाव राहून गेलं त्या दोघांसाठी त्या मनापासून मागत होत्या. मास्तर समोर मान खाली घालून बसलेले असत. त्यांना वाटायचं, किती एकाग्र होतात हे!

ताईंनी पिशवीतून बायबल काढलं, बायबलातून चौघडी कागद. नर्सबाईंनी चष्मा लावला.

*९. डोंगराकडच्या गावातले मास्तर व नर्सबाई. नर्सबाईंच्या स्वादुपिंडावर गाठ आढळली असून ती यकृतापर्यंत पसरली आहे. त्यांना बळ मिळावं. पंधरा तारखेचा मायदेशीचा प्रवास सुखरूप व्हावा.*

त्यांनी एकदा वाचलं. पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा नुसता नऊचा आकडा पाहिला.

कारंजं उडत होतं, पण त्याचा आवाज कुणीतरी काढून नेला होता. हातात अर्धं सोललेलं अंडं होतं. पांढरं, गुळगुळीत. हे काय आहे आणि याचं काय करायचं असतं, हे त्यांना काही केल्या आठवेना. दुसऱ्या कुणाला 'स्वादुपिंड' हा नुसता एक शब्द असता. नर्सबाईंना त्या शब्दाच्या खाटा माहीत होत्या, खाटांवरच्या चादरी माहीत होत्या, कितव्या आठवड्यात डोळे पिवळे होतात आणि कितव्यात माणूस भिंतीकडे तोंड करतं, तेही माहीत होतं. बोटांवर मोजायचे महिने. एका हाताची बोटं पुरली असती.

म्हणून ती पाठदुखी! म्हणून तीन आठवडे बेचव पेज! जिल्ह्याच्या इस्पितळातून तपासणीच्या निकालाचा फोन आला तेव्हा त्या गावातल्या दवाखान्यात कामावर होत्या. घरी आल्यावर मास्तर म्हणाले होते, "पित्ताचं आहे म्हणे. तेलकट बंद." आणि त्यांनी, चौतीस वर्षांच्या नर्सनं, मान डोलावून पेज प्यायली होती.

आणि पंधरा तारीख? आज चार. गावात सहा मुली सुईणीचं काम शिकत होत्या, अकरा महिने त्यांच्या हाताखाली. परीक्षा सत्तावीसला.

त्यांनी अंडं ताईंच्या हातात ठेवलं, कागद मुठीत धरला आणि त्या मनोऱ्याच्या दाराकडे चालू लागल्या. दोनशे बारा पायऱ्या, असं दारावर लिहिलं होतं.

शिट्टीदादा धावत आले. "नर्सबाई, तुम्ही खाली थांबलात तरी चालेल हं, वरून काही खास..."

"दादा, ती शिट्टी तोंडात घाला आणि श्वास आत ओढा. गिळलीत तरी चालेल."

शिट्टीदादा जागीच थिजले. मास्तर चौकाच्या पलीकडून बघत होते. बायकोच्या मुठीतला कागद त्यांना दिसला. हातातला चहाचा कप त्यांनी खाली ठेवला, तो बाकावर नाही, हवेतच ठेवला.

पायऱ्या गोल गोल वर जात होत्या. नर्सबाई चढत होत्या आणि मागून मास्तरांचे बूट येत होते. एक पाय, थांबा, दुसरा पाय. त्यांचे गुडघे कधीचेच कामातून गेलेले. पन्नास. सत्तर. नव्वदाव्या पायरीवर एक टप्पा होता, अरुंद खिडकी, दगडी कट्टा. तिथं पाठीतून कळ आली, ओळखीची, रोजचीच. फक्त आता तिला नाव होतं. त्या बसल्या.

मास्तर आले. भिंतीला धरून उभे राहिले. धाप लागली होती.

"चौदा घरांत," नर्सबाई म्हणाल्या, "चौदा घरांत माझं मरण सकाळच्या चहाबरोबर वाटलंत. आणि मला कपभर ठेवलं नाहीत?"

"अगं..."

"बेकरीवालीच्या पिठाला माहीत, अहो! पिठाला! आणि मी? मी माझ्याच नावासाठी मागत होते, तुमच्यासमोर, गाजर चिरत! तुम्ही आमेन म्हणत होतात!"

मास्तर टोपी काढून हातात फिरवत राहिले.

"किती नातेवाइकांना मी दम भरलाय, ठाऊक आहे ना? बाहेर बोलावून बोलावून. 'बाबांना सांगू नका हं सिस्टर.' मी म्हणायची, दुखणं ज्याचं, बातमी आधी त्याची. घरी येऊन तुम्हालाच सांगायची. तुम्ही म्हणायचात, बरोबर आहे."

"बरोबरच होतं," मास्तर म्हणाले. "दुसऱ्यांच्या बायकांच्या बाबतीत."

खालून लोकांचे आवाज येत होते, विहिरीत बोलल्यासारखे.

"फोन ठेवला," मास्तर सांगू लागले, "आणि म्हटलं, ही आली की सांगू. तू आलीस ती हसतच. तुझ्या सहाजणींतल्या त्या बुटक्या मुलीनं पहिलं बाळंतपण एकटीनं केलं होतं म्हणून. म्हटलं, उद्या सांगू. उद्या तू राजधानीच्या सहलीची पिशवी काढून बसलीस. मला कुणाला तरी सांगायला हवं होतं गं, छाती फुटली असती. देवाला सांगायला गेलो. आणि आपला देवाकडं जायचा रस्ता त्या यादीतूनच जातो. काल रात्री शिट्टीदादांच्या पाया पडलो, म्हटलं सगळ्यांना बजावा, तिला अजून माहीत नाही. आज संध्याकाळी सांगणार होतो. शहर बघून झाल्यावर." ते थांबले. मग एकदम पोरासारखे चिडून म्हणाले, "आणि तू? तू नाही का करायचीस? 'दहापर्यंत मोजा' म्हणून सांगायची आणि सहावरच सुई टोचायची! अख्खं इस्पितळ ओळखायचं तुला त्यासाठी!"

नर्सबाई बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "टोचायची तरी! तुम्ही सुई पाठीमागं लपवलीत आणि मोजतच बसलात."

मास्तरांचा चेहरा वेडावाकडा झाला. चाळीस वर्षांत नर्सबाईंनी तो असा पाहिला नव्हता. त्यांच्या आईच्या वेळी नाही, मुलाच्या अपघाताच्या वेळी नाही. ते कट्ट्यावर त्यांच्या शेजारी बसले, बसले म्हणजे पडलेच, आणि त्यांनी बायकोचं मनगट घट्ट धरलं. नर्सबाईंना तो स्पर्श ओळखीचा वाटला. तीन आठवडे पहाटे अर्धवट जागेत जाणवायचा. वाटायचं, झोपेत धरतात. हे मोजत होते!

त्यांनी खाली पाहिलं. मास्तरांचा अंगठा त्यांच्या शिरेवर दाबलेला होता.

"अहो, अंगठ्यानं नाडी बघायची नसते," त्या म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला. "आपलीच लागते त्यात."

"म्हणजे..."

"तीन आठवडे तुम्ही तुमचीच मोजत होता."

खिडकीतून दुपारचं ऊन आलं होतं, पायऱ्यांवर एक तिरकी पट्टी. राजधानी बाहेर पसरलेली होती. छपरं, नदी, पूल. बघायला आलेल्या त्या शहराकडं नर्सबाईंचं लक्षच नव्हतं.

मग त्यांनी कागद मास्तरांच्या मांडीवर ठेवला. "वाचा. नववी."

"नको गं."

"मोठ्यानं. रोज वाचता तशी."

मास्तरांनी वाचली. 'गाठ'पाशी अडखळले, 'यकृत'पाशी थांबले, पुन्हा सुरुवात केली. 'पंधरा तारखेचा' म्हणताच नर्सबाईंनी हात वर केला.

"ते खोडा. पंधराला आपण कुठं जात नाही. सत्तावीसला सहा मुलींची परीक्षा आहे."

"अगं, डॉक्टर म्हणाले, लवकरात लवकर..."

"डॉक्टरांना मी विचारीन. उद्या, मी. तुम्ही बाहेर बसा, बातमी आधी माझी." त्यांनी पर्समधून पेन्सिल काढली. "खोडा."

मास्तरांनी खोडलं. रेघ वाकडी गेली, दहाव्या ओळीतल्या विहिरीलाही जराशी लागली.

खालून शिट्टी वाजली, अगदी हलकी, विचारून विचारून वाजवल्यासारखी.

नर्सबाई उठल्या नाहीत. त्यांनी मास्तरांचा अंगठा बाजूला केला. त्यांची तर्जनी आणि मधलं बोट उचलून आपल्या मनगटावर नीट, शिरेच्या खाचेत ठेवलं, नव्या मुलींना शिकवायच्या तसंच. नाडी लागली होती.

"अगं, किती जोरात चालतेय ही!"

"घाबरलेय ना मी," नर्सबाई म्हणाल्या. "मोजा. पूर्ण मिनिट. मधे सोडायचं नाही."